गाडीचा प्रोग्राम

माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो, हे कोरगावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या शनिवारी सकाळची फेरी संपवून मी घरी आले आणि आपल्याच अंगणात तीस-चाळीस माणसं बसलेली पाहिली, तेव्हा माझं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. अंगण सारवलेलं. गाडी लावायच्या जागेभोवती रांगोळी. दारावर आंब्याचे टहाळे. कोपऱ्यात बाबलीकाका पेटीचा भाता हलवून बघत होते, त्यांचं भजनी मंडळ टाळ पुसत होतं, आणि साउंडवाल्या गौरेशने आमच्या पडवीतल्या प्लगमधून वायर ओढून माडाला कर्णा बांधायला घेतला होता.

"इलंस गे सुविधा?" शेजारची कमलाक्षी म्हणाली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. "गाडी थय रांगोळयेत लाव. सगळे तुझ्या प्रोग्रामाक इलेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. प्रोग्राम होता, नाही असं नाही. पण तो भलताच होता.

हे जरा मुळापासून सांगायला हवं. माझी सात माणसांची डिझेल गाडी आहे. केरी, पालये, कोरगाव इथल्या ज्या बायका मोपाच्या विमानतळावर साफसफाईला आणि जेवणघरात कामाला आहेत, त्यांना मी वर सड्यावर, विमानतळाच्या पठारावर सोडते आणि कामाची पाळी संपली की परत आणते. गेल्या चतुर्थीपासून गाडीने एक खोड धरली होती. मोपाची चढण लागली की समोर पिवळा दिवा पेटायचा आणि गाडीतली ताकदच जायची. पाय कितीही दाबा, बाईसाहेब आपल्या चालत्या माणसाच्या गतीने. बायका उशिरा पोचायच्या, त्यांचा अर्धा दिवस कापला जायचा. त्या मला एका शब्दाने बोलायच्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. ठेकेदार मात्र बोलला. आणखी एकदा गाडी चढणीवर बसली तर फेरी दुसऱ्याला देणार. आमचं घर त्या फेरीवर चालतं, माझी मुलगी त्या फेरीवर पणजीला शिकते.

दोन-तीन मेकॅनिकांनी फिल्टर बदलले, नळ्या बदलल्या, डिझेलला शिव्या घातल्या. दिवा काही विझला नाही. शेवटी कुणीतरी डिचोलीच्या प्राजक्ताचं नाव सांगितलं. ही मुलगी इंजिनियर. आधी एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होती, आता स्वतःचा लॅपटॉप घेऊन घरोघर जाते. तिने स्टिअरिंगच्या खाली वायर जोडली, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, इंजिनाक काय एक झाला नाय. हिचो मेंदू भिता."

मग तिने समजावलं. हल्लीच्या गाड्यांत एक छोटा संगणक असतो. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, किती हवा घ्यायची, हे तो ठरवतो. माझ्या गाडीतला संगणक चढणीवर उगाच घाबरतो, त्याला वाटतं इंजिनाला काहीतरी होतंय, आणि तो सगळी ताकद काढून घेतो. कंपनीला हे कळलं होतं, म्हणून त्यांनी नवा प्रोग्राम काढला होता. जुना पुसून तो नवा भरायचा, इतकंच काम.

"पण एक सांगतंय," प्राजक्ता म्हणाली. "जुनो पुसल्यार नवो पुरो जायसर मध्ये वीज तुटली, तर हो मेंदू मरता. मगे गाडी चालूच होवची नाय. नवो मेंदू मागवक लागतलो आणि तो येवक म्हयनो जाता."

म्हणजे नीट झालं तर फेरी राहिली, बिघडलं तर फेरीही गेली आणि गाडीही. मी विचार करून हो म्हटलं. दिवस ठरवायला तिने फोन केला, तेव्हा मी गाडीवर होते आणि फोन घरी विसरले होते. तो मांयने उचलला. मांय म्हणजे माझी सासू. दोघींनी मला ते बोलणं नंतर ऐकवलं, आणि दोघींच्या सांगण्यात एका अक्षराचा फरक नव्हता, त्यामुळे दोष कुणाला द्यावा तेही कळेना.

"आजी, ताईक सांगा, शनवारी सकाळी गाडयेचो प्रोग्राम करूक येतंय."

"घराकच?"

"घराकच बरो. गाडी सावळेत लावूची. चावी फिरवून ठेवूची, पण इंजिन चालू करूचा नाय."

"बरा."

"वेळ लागतलो बरोच. आणि एकदा सुरू केल्यार मध्ये कोणी गाडयेक हात लावूचो नाय."

"सोवळ्यात मा? कळला," मांय म्हणाली.

प्राजक्ताला वाटलं, आजी थट्टा करतायत. ती हसली आणि तिने फोन ठेवला. आता आमच्या भागात प्रोग्राम म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. सत्यनारायणाचा प्रोग्राम, मुंजीचा प्रोग्राम, जत्रेचा प्रोग्राम. लॅपटॉपमधून गाडीत भरायचा प्रोग्राम मांयच्या सत्तर वर्षांत कधी आला नव्हता. तिने मला चकार शब्द विचारला नाही. फक्त वाड्यावर घरोघर जाऊन आमंत्रण दिलं.

आणि तिला एवढी घाई का झाली, तेही सांगते. ही गाडी सुदेशने, माझ्या नवऱ्याने, बुक केली होती. रंग त्यानेच निवडला. ती दारात यायच्या आधी तो गेला, झोपेतच, काही दुखणं-खुपणं नसताना. गाडी आली तेव्हा घरात दुखवट्याचं वर्ष धरलेलं. नारळ नाही, हार नाही, पेढा नाही. आणून देणाऱ्या माणसाने चावी माझ्या हातात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला. पुढे मी चालवायला शिकले, फेरी मिळवली. वर्ष सरलं, तरी गाडीचं ते करायचं राहूनच गेलं. गावात अजून सगळे तिला सुदेशाची गाडी म्हणत. मांय तर तिच्यात एकदाही बसली नाही. पेडण्याला बाजारात जायचं तरी बसची वाट बघत उभी राहायची. गाडीजवळून जाताना पदर सावरून जायची. तिला ती अपशकुनी वाटते, असं मी धरून चालले होते. तिने कधी म्हटलं नाही, मी कधी विचारलं नाही.

तर त्या शनिवारी मी तणतणत स्वयंपाकघरात शिरले. मांय नारळ खवत बसली होती. गॅसवर चण्याची उसळ रटरटत होती, मेजावर पाववाल्या पोदेराकडून आणलेले उंडे टोपलीभर. तिने काठाचं लुगडं नेसलं होतं. सुदेश गेल्यापासून ते लुगडं मी पाहिलं नव्हतं.

"मांय, हो प्रोग्राम तो न्हय," मी म्हणाले.

"मगे कसलो?"

मी सांगितलं. मेंदू, नवा प्रोग्राम, लॅपटॉप, सगळं. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. मांयचा हात थांबला.

"म्हणजे पूजा नाय."

"नाय."

"आणि मी सगळ्यांका सांगान बसलंय." तिने ताटलीतलं खोबरं बोटांनी उगाचच सारखं केलं. "तू आपणाहून करतंस, म्हणान माका बरा वाटलेला."

ओरडायला माझ्याकडे शब्द तयार होते. मी नळाखाली हात धुतले आणि बाहेर आले.

तेवढ्यात प्राजक्ता स्कूटरवरून आली. तिने रांगोळी पाहिली, कर्णा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि सगळा प्रकार कळल्यावर ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "दोनय करूया. आधी माझो प्रोग्राम, मगे आजीचो. पण माझो संपासर पडवीच्या प्लगाक दुसरा काय एक लावूचा नाय. माझा मशीन घरच्या करंटार चलता, आणि गाडयेची बॅटरी ता सांभाळता."

गौरेशने नाक मुरडलं. बिनमाइकचं भजन म्हणजे भजन नव्हे, असं त्याचं मत. पण तो गावोगाव फिरलेला, कुठल्या घरी कधी करंट जाईल याचा नेम नसतो म्हणून टेम्पोत आपली मोठी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊनच फिरतो. त्याने वायर प्लगमधून काढली आणि माइक त्या बॅटरीवर जोडला. मांयनेही आपलं दुःख बाजूला ठेवलं आणि रांगोळीच्या कडेला उभी राहून जाहीर केलं, "आयकात रे. ह्या चेडवाचा काम होयसर गाडयेक कोणी बोट लावूचा नाय. लावलात तर माझ्याकडे गाठ आसा." सगळे हात मांडीवर ठेवून बसले.

प्राजक्ता ड्रायव्हरच्या जागेवर लॅपटॉप घेऊन बसली. बोनेट उघडं. तिचं मशीन गाडीच्या बॅटरीला चिकटलेलं. चावी फिरवली, इंजिन बंद. जुना प्रोग्राम पुसला गेला आणि पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. गाडीचा पंखा आपणहून जोरात घोंगावायला लागला, तशी दोन पोरं घाबरून मागे सरली. बाबलीकाकांनी गजर धरला. मी बोनेटपाशी उभी राहून त्या पट्टीकडे बघत होते, आणि खरं सांगते, मला वाटलं हे सगळं बरं चाललंय.

पट्टी निम्म्यावर गेली असेल. पडवीतला दिवा गेला. मशीनवरचा हिरवा ठिपका गेला. कमलाक्षीच्या घरातला रेडिओ गप्प झाला, म्हणजे सगळ्या वाड्याचाच करंट गेला होता.

"ताई," प्राजक्ता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पंखो आणि सगळा आता गाडयेच्या बॅटरीर चलता. ती जुनी आसा. व्होल्ट उतरतत. पुरो जायसर टिकूची नाय."

मी म्हटलं, गौरेशचा टेम्पो चालू करून त्याला वायर जोडू. ती म्हणाली, चालू इंजिनाचा करंट उडी मारतो, तसं केलं तर मेंदू आताच जाईल. "सुटी बॅटरी होई. मोठी, भरलेली."

गौरेशने हे ऐकलं. त्याने माइक बंद केला, कुणालाही न विचारता. त्याने आणि मी मिळून ती जड बॅटरी उचलून आणली, कुणीतरी स्वयंपाकघरातलं मेज आणलं, त्यावर ती बोनेटला लागून ठेवली. पण तिच्या वायरींचे चिमटे साउंडच्या कामाचे, लहान. गाडीच्या बॅटरीवर ते बसेनात, सटकायला लागले. मी लाल चिमटा दोन्ही हातांनी दाबून धरला. काळा धरायला दुसरं माणूस हवं होतं, आणि गौरेश मोठे चिमटे शोधायला टेम्पोकडे पळाला होता. मी मागे वळून बघितलं, तर तीस-चाळीस माणसं जागच्या जागी. मांयने ताकीद दिली होती ना, कुणी बोट लावायचं नाही.

"कोणीतरी येवा," प्राजक्ता आतून म्हणाली. "आता येवा."

मांय आली. लुगड्याला हात पुसले, पदराची घडी करून बोटांवर घेतली आणि काळा चिमटा जागेवर दाबला. जी बाई तीन वर्षांत त्या गाडीला टेकली नव्हती, ती आता बोनेटखाली अर्धी आत वाकून उभी होती.

"बसलो," प्राजक्ता म्हणाली. "व्होल्ट थांबले. आता दोघांय हलूचा नाय."

बाबलीकाकांनी हळूच विचारलं, "आमी म्हणूक जाता मा?" ती म्हणाली, आवाजाने काही होत नाही. मग त्यांनी माइकशिवायच गजर पुन्हा उचलला, आणि गौरेशनेही टाळ्या धरल्या.

आम्ही दोघी समोरासमोर, मध्ये गाडीची बॅटरी. चिमटे गरम व्हायला लागले.

"मांय, तापता गे. सोसता मा?"

"चुलीवयले टोप काय थंड उतरयलंय इतकी वर्सा?" ती म्हणाली. तिची नजर चिमट्यावरच होती. "गाडी इली त्या दिसा मी नारळ काडून ठेवलेलो."

"खय?"

"मागल्या दाराक. वर्ष धरलेला तर धरलेला. म्हटला, माझ्या झिलान घेतलेली गाडी, तिका मोकळ्या हातान कशी घेव? पण तू चावी घेवन ओट्यार बसलंस, आणि तुझा तोंड बघून माका धीर नाय झालो. तुका वायट वाटतला म्हटला. मगे म्हटला, कधीतरी तूच सांगशीत. म्हणान वाट बघी होतंय."

"आणि मी समजलंय, तुमका ती गाडी नको."

"नको कशी? नारळ फुटलो नाय, म्हणान बसणा नाय. पण तू सड्यार जातंस तेव्हा देवाकडे वात लावतंय. तू फाटकात दिसलंस की मगे शांत करतंय."

देवाजवळची ती वात मी रोज बघत आले होते. मला वाटायचं, म्हातारपणीचा नेम आहे. पहाटेची फेरी असो की दुपारची, मी परत येईपर्यंत घरात कुणीतरी माझ्यासाठी बसलेलं असायचं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला रडू फुटलं. दोन्ही हात अडकलेले, डोळे पुसायची सोय नव्हती. अश्रू सरळ नाकावरून ओघळत होते, त्या नाकावरचा राग कुठे गेला होता देव जाणे.

"हलू नको," मांय म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते.

ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. गजर संपला, दुसरा सुरू झाला. मग प्राजक्ताने दार उघडलं आणि शांतपणे म्हणाली, "गेलो पुरो. सोडा आता." मांयची बोटं चटकन उघडेनात, ती मी एकेक करून सोडवली. पदराच्या घडीवर काळा डाग पडला होता. प्राजक्ताने चावी बंद केली, थोडं थांबून पुन्हा फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. पिवळा दिवा पेटला आणि विझला, जसा विझायला हवा तसा.

लोक टाळ्या वाजवायला लागले. पण प्राजक्ता म्हणाली, चढण काढल्याशिवाय माझं काम झालं असं मी म्हणणार नाही. मी मांयला विचारलं, येता का. ती म्हणाली, "आधी नारळ." तेही बरोबर होतं. मग मी आणि प्राजक्ता, दोघीच निघालो.

मोपाची चढण लागली तेव्हा मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. ज्या वळणावर गाडी हमखास बसायची ते वळण आलं. पाय दाबला. गाडी तशीच वर गेली, कुरकुर नाही की दिवा नाही, आणि बघता बघता सडा लागला. मी गाडी कडेला घेतली आणि प्राजक्ताचा हात धरला. आभार मानायची मला सवय नाही, पण त्या दिवशी मी ते सरळ म्हटलं. माझं घर तू वाचवलंस, असं म्हटलं.

"मी नाय," ती म्हणाली. "आजीन आपलो प्रोग्राम ठरयलो नसतो, तर ती बॅटरी खयसून येतली?"

आम्ही परत आलो तेव्हा कुणीही घरी गेलं नव्हतं. उसळ पुन्हा गरम झाली होती, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडाकडे. मी फक्त मान हलवली. कमलाक्षीने रांगोळीतली पुसलेली रेघ पुन्हा ओढली, गाडीला हळद-कुंकू लागलं, आणि बाबलीकाका नारळ हातात घेऊन गाडीसमोर उभे राहिले. वाड्यावरचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने घालायचं साकडं, तेच घालतात. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा कमळेश्वरा म्हाराजा, आज ह्या अंगणात तुझी लेकरा जमली हत म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज जो काय प्रोग्राम झालो, आमका कळलो तो आणि नाय कळलो तो, दोनय मान्य करून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आमच्या सुदेशाची ही जी गाडी..."

"बाबली," मांय म्हणाली.

गाऱ्हाणं मध्येच कुणी तोडत नाही. बाबलीकाका नारळ धरून थांबले, आणि सगळी माणसं मांयकडे बघायला लागली. ती माझ्या शेजारीच उभी होती.

"गाडी सुविधाची," ती म्हणाली. "तसा म्हण. देवाक घोटाळो नको."

बाबलीकाकांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आमच्या सुविधाची ही गाडी. तिका चढण सुटांदी, तिच्यात बसतल्या बायकांका वेळार पोचव, आणि तिका सांभाळून घराक हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि मांयचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मी मात्र तिच्याकडेच बघत राहिले आणि म्हणायचं राहूनच गेलं. बाबलीकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. तेव्हा मीही म्हटलं, "होय म्हाराजा."